नावाचे अंडे

ईस्टरचा सण आमच्या वऱ्हाडात उन्हाचे बोट धरून येतो. इसवी सन ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या महासभेने हा सण सर्व ख्रिस्तसभेने एकाच दिवशी पाळावा असे ठरविले, आणि वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो ईस्टरचा, हा हिशेब रूढ झाला. त्यामुळे २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कोणत्याही रविवारी तो येऊ शकतो. निकेयाच्या धर्मपित्यांना चांदूर बाजारचे ऊन ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. सण मार्चअखेरीस आला तर सकाळचे दोन-तीन तास अंगणात बसता येते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आला तर नऊ वाजल्यानंतर अंगणातली फरशी तळपायाला चटका देते. परदेशी चित्रांतून आपण पाहतो ती हिरवळ, ते फुलांचे ताटवे आणि त्यांत अंडी शोधणारी मुले आमच्याकडे चित्रातच राहतात. आमच्याकडे अंडी शोधायची ती घरात, दारे-खिडक्या लावून, कूलरच्या घरघरीत.

आमचा तालुका संत्र्याच्या बागांचा. इथले बहिरम यात्रेमुळे आणि माधान प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांमुळे साऱ्या विदर्भाला ठाऊक आहे. आपल्या लोकांची घरे मात्र थोडी. १९५५ साली नागपूरपासून वेगळा झालेला आमचा अमरावती धर्मप्रांत विस्ताराने मोठा आणि माणसांनी विरळ. नाताळला दारात तारा लागतो, शेजारीपाजारी शुभेच्छा द्यायला येतात. ईस्टरचे तसे नाही. त्याआधीच्या शुक्रवारी शाळेला सुट्टी असते, एवढाच त्याचा गावाला परिचय. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलांना हा सण आपल्या श्रद्धेचा सर्वांत मोठा सण आहे, हे सांगून पटत नाही. त्यांना तो हाताने धरता आला पाहिजे.

तो हाताने धरण्याजोगा केला माझ्या थोरल्या वहिनींनी. त्या वसईच्या. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सोबत तिकडच्या रीतीभाती घेऊन आल्या. पवित्र सप्ताहात त्या काजू वाटून मार्झिपानची अंडी करीत आणि साखरेच्या पाकाने प्रत्येकावर घरातल्या एकेकाचे नाव लिहीत. पाक या हवेत नीट धरत नसे, अक्षरे ओघळत. पण नाव वाचता येई. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. तीसुद्धा आपले अंडे ओळखून उचलीत असे. वहिनींनी तिच्या नावाखाली नेहमी एक लहानसे फूल काढलेले असे.

अंड्याचा आणि ईस्टरचा संबंध तसा जुना. मध्ययुगात प्रायश्चित्तकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना उपवास ठाऊक नसल्यामुळे त्या अंडी घालीतच राहत, आणि ईस्टरला घरोघर ती साठलेली असत. रोमच्या विधिग्रंथात या अंड्यांवर म्हणावयाची आशीर्वादाची प्रार्थनाही आहे. पौर्वात्य ख्रिस्तसभेत ती ख्रिस्ताच्या रक्ताची आठवण म्हणून लाल रंगवितात. लपवून शोधण्याची हौस जर्मन मुलखातली. १८३३ सालच्या ईस्टरला तेरा वर्षांच्या राजकन्या व्हिक्टोरियाने आपल्या रोजनिशीत नोंद केली आहे की, आईने अंडी रंगविली आणि आम्ही ती शोधली. तिची आई जर्मन होती. म्हणजे हा खेळ तिच्या घरातही परगावाहून आलेल्या आईनेच आणला, आमच्याप्रमाणे.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत वहिनी गेल्या. त्यांच्या मुलाला तेव्हा दहावे वर्ष होते. पुढची दोन वर्षे आमच्या घरात ईस्टर आला आणि गेला. आम्ही जागरणविधीला जाऊन आलो, पाश्काच्या मेणबत्तीवरून आपापली मेणबत्ती पेटवून आणली, आणि रविवारी झोपून राहिलो.

२०२४ साली ईस्टर ३१ मार्चला आला. धाकट्या भावाची मुले मोठी होऊ लागली होती. त्यांच्यासाठी काहीतरी करावे म्हणून मी अमरावतीहून प्लास्टिकची उघडणारी तीस अंडी आणली, प्रत्येकात एक चॉकलेट घातले आणि रात्री मनाला येईल तिथे ती घरभर टाकून ठेवली. सकाळी सहा मुले जमली. सर्वांत धाकटा भाचा दोन वर्षांचा, थोरला तेरा. मध्ये भाची, बदलीने गावात आलेल्या एका कॅथलिक कुटुंबाची दोन मुले आणि शेजारची एक मुलगी. मी ‘एक, दोन, तीन’ म्हटले. मी शाळेत शिकविते. वयाचा विचार न करता साऱ्या शाळेची एकच शर्यत लावू नये, हे मला कळायला हवे होते.

दहा मिनिटांत खेळ संपला. थोरल्याच्या टोपलीत सतरा अंडी होती. दोन वर्षांच्याला एकही मिळाले नाही. त्याचे कोणाला काही वाटले नाही, कारण त्याला खेळ कळलाच नव्हता. पण सहा वर्षांची भाची हातातले एकुलते एक अंडे घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

“आत्या, मले एकच काऊन?”

मी उत्तर शोधीत होते तेवढ्यात थोरला उठला, आपली सारी टोपली त्याने तिच्या ओटीत उपडी केली आणि गच्चीवर निघून गेला. मोठी माणसे म्हणाली, पोरगा किती समजदार झाला. मी पाण्याचा तांब्या घेऊन वर गेले. तो टाकीच्या सावलीला बसला होता. सतरा अंडी जिंकून ती धावत जाऊन दाखवावी असे माणूस त्याच्याजवळ उरले नव्हते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. चॉकलेटे दुपारपर्यंत वितळून गेली. कोकोचे लोणी चौतीस-पस्तीस अंशांतच पाणी होते, आणि आमचे माजघर त्याहून गरम होते.

पुढच्या वर्षी ईस्टर २० एप्रिलला होता. झावळ्यांच्या रविवारी मी हा विषय काढला, तेव्हा थोरला पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, “मी नाही खेळत, आत्या. मी का आता लायना आहो?”

“मग खेळू नको,” मी म्हटले. “तू लपव.”

त्याने मान वर केली. “कोणाचं कुठी लपवू?”

त्या एका प्रश्नावर आमची सारी आखणी उभी राहिली. आम्ही दोघे वही घेऊन बसलो. पहिला नियम असा ठरला की अंडी सामाईक नसतील. शोधणारी मुले पाच, प्रत्येकाची पाच. प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि अंड्यावर त्याचे नाव. दुसऱ्याचे अंडे दिसले तर ते उचलायचे नाही, सांगायचेही नाही, पाहून हसायचे आणि पुढे जायचे. नावाची कल्पना त्याचीच. ती कुठून आली हे आम्ही दोघांनीही बोलून दाखविले नाही.

दुसरा प्रश्न अंडी कशाची करावी, हा होता. तीन वर्षांचा मुलगा सापडलेली वस्तू आधी तोंडात घालतो. टरफलाचे तुकडे त्याच्या हाती देणे बरे नव्हे. शेजारचे घर माळकरी. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला खेळायला बोलवायचे आणि हातात अंडे द्यायचे, हे शेजारधर्माला धरून नव्हते. गेल्या वर्षीची अंडी प्लास्टिकची होती म्हणून निभावले. मी तिच्या आजींना जाऊन विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “कापसाचं करा ना बाई. आमच्या घरचा कापूस न्या.” आपल्या मुलखात कापसाला काय तोटा! सरकी काढलेला पिशवीभर कापूस त्यांनी दिला. मी जुन्या सुती साड्यांचे तुकडे बेतून पंधरा कापडी अंडी शिवली: तीन वर्षांच्या भाच्याची, पाच वर्षांच्या पाहुण्या मुलीची आणि शेजारणीची. उरली दोघे, सात वर्षांची भाची आणि अकरा वर्षांचा पाहुणा मुलगा. त्यांच्यासाठी खरी टरफले घ्यायचे ठरले.

टरफल रिकामे करण्याचे काम बुधवारी केले. अंड्याच्या दोन्ही टोकांना दाभणाने भोक पाडायचे, एक थोडे मोठे ठेवायचे, आतला बलक दाभणानेच मोडायचा आणि लहान भोकातून फुंकर घालून सारे वाटीत काढायचे. मग मिठाच्या पाण्याने आतून धुऊन सावलीत वाळवायचे. असे अंडे उन्हाळ्यात नासत नाही, हा त्याचा मोठा गुण. दीड डझनांपैकी सहा शिकण्यात फुटली, बारा उरली. वाटीतल्या ऐवजाची भुर्जी मुलांनी खाल्ली. आजच्या नियमाप्रमाणे त्याला हरकत नाही, पण आईने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. तिचा चाळीस दिवसांचा नेम जुन्या काळचा आहे.

रंग घरचेच. कांद्याची टरफले उकळली की विटकरी तांबडा येतो, हळदीत थोडा सिरका घातला की पिवळा धमक. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेचून वाळविलेली पळसाची फुले होती, त्यांचा केशरी. थोरल्याने बारीक कुंचल्याने नावे लिहिली. अक्षर त्याचे सुबक आहे, आईसारखे.

तिसरा विचार जागांचा. आधी कुठे लपवायचे नाही, ती यादी केली. त्याने कूलर सुचविला. एक कोडेही रचले होते: खिडकीतून डोकावतो, पाणी पितो आणि वारा देतो. कोडे चांगले होते, पण कूलरजवळ पाणी आणि वीज एकत्र असतात, म्हणून तो वगळला. फ्रीजची मागची बाजू, गॅसची शेगडी, औषधांचे कपाट, पाण्याची टाकी, वेदीची फळी, सारे वगळले. एप्रिलमध्ये विंचू गारव्याला घरात येतात. त्यामुळे सरपण, पोत्यांच्या मागची जागा, पलंगाखालचा अंधार, हेही नको. मुलांसाठी एकच आज्ञा ठेवली: आधी डोळा, मग हात. जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही.

मग एकेकाची जागा. तीन वर्षांच्याची अंडी गुडघ्याच्या उंचीखाली आणि अर्धी उघडी असावीत. आपण उभ्याने पाहतो ते घर त्याचे नसतेच. थोरला माजघरात पालथा झोपला आणि तिथून सारे न्याहाळू लागला. “आत्या, इथून फक्त पाय दिसतात,” तो म्हणाला. मग एक अंडे मशीनच्या पायट्यावर, एक आईच्या चपलेत, एक उतरंडीच्या खालच्या मडक्याला टेकून. दर वेळी तो पुन्हा आडवा होई आणि विचारी, “हे त्याले दिसन का?” पाच वर्षांचीला वस्तूखाली वस्तू असते हे कळते, तिची सुपाखाली, उशीमागे, टोपलीत. सात आणि नऊ वर्षांच्या मुलींना ओळख हवी असते. त्यांना प्रत्येक अंड्यासाठी एकेक शब्द लिहून दिला: दळण, गारवा, गाणे. अकरा वर्षांच्याला मात्र कोडी. ‘पोटात पाणी, अंगाला घाम, उन्हाळ्यात माझे मोठे काम’ म्हणजे माठ, हे त्याला सुटायला दहा मिनिटे लागली.

चार दिवस हे चालले. या मुलाला मी शाळेत आणि घरात रोज पाहते, पण तो कोणाकडे इतके निरखून पाहतो हे मला ठाऊक नव्हते. पाहुणी मुलगी अंधाराला भिते, म्हणून तिची सारी अंडी उजेडात. शेजारणीला घाईने काही सापडत नाही, पण ती परत मागे येऊन पाहते. म्हणून तिची वाटेत मागे राहतील अशी. एकदा तो म्हणाला, “ज्याले जिथं जायची सवय आहे, तिथंच ठेवावं लागते, आत्या. नाहीतर ते त्याचं होत नाही.” मी ते वहीत लिहून घेतले नाही, पण ध्यानात ठेवले.

त्यानंतर मी एक अंडे त्याच्यासाठी लपविले. बारांपैकी दहा शोधणाऱ्यांची. अकरावे मी पळसाच्या पाण्यात रंगवून त्यावर त्याचे नाव घातले आणि वहिनींच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवले. मशीन मी चालविते, पण त्या खणाला हात लावीत नाही. त्यात अजून त्यांची गुंडाळी, अंगठा आणि बटणांची डबी आहे. कधी कधी दुपारी सारे झोपले की तो खण हळूच उघडल्याचा आवाज मी ऐकला आहे. बारावे अंडे शनिवारी सकाळी डब्यात नव्हते. फुटून केरात गेले असेल, असे मी समजले.

शनिवारी रात्री जीप ठरवून आम्ही जागरणविधीसाठी अमरावतीला गेलो आणि मध्यरात्रीनंतर परतलो. रविवारी सकाळी साडेआठला खेळ सुरू केला. एकदम नव्हे, आधी तीन वर्षांचा, त्याच्या मागून पाच वर्षांची, मग दोघी, शेवटी अकरा वर्षांचा. लहानांना मोठ्यांच्या धावण्याचा धक्का लागू नये म्हणून. थोरला हातात वही घेऊन दारात उभा होता. भाच्याने आजीच्या चपलेतले अंडे पाहिले आणि आपण काही चूक तर करीत नाही ना, म्हणून वळून थोरल्याकडे पाहिले. त्याने मान हलविली. भाच्याने ते उचलले आणि छातीशी धरले. शेजारणीला पाचवे अंडे सापडेना. पाहुण्या मुलाला ते कुठे आहे ते दिसत होते. नियमाप्रमाणे तो बोलला नाही, पण त्याचे हसू आवरेना, आणि त्याच्या हसण्यावरून तिने ते शोधले. सव्वानऊला पंचवीस अंडी ज्याची त्याच्याजवळ होती. कोणी पहिले नव्हते आणि कोणी शेवटचे नव्हते. वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे खूण झाली. बक्षीस म्हणून सर्वांना शेंगदाण्याची चिक्की दिली. ती उन्हाला दाद देत नाही.

रात्री मी मशीनचा खण उघडून पाहिला. अंडे तिथे नव्हते. तो काही बोलला नाही, मीही विचारले नाही.

संत योहानाच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग आपण दर वर्षी ऐकतो. मरिया माग्दालिया बागेत रडत उभी आहे. ज्याला ती शोधते आहे तो समोर आहे, तरी तिला तो माळी वाटतो. तो तिला काही सिद्ध करून दाखवीत नाही. तो तिचे नाव घेतो, आणि ती ओळखते. शोधणारी ती असते, पण सापडते तीच. त्या रात्री मला हे वचन नेहमीपेक्षा जवळचे वाटले. आपले नाव घेऊन कोणी आपल्यासाठी काही ठेवले आहे, हे कळण्यासाठी माणूस घरभर फिरत असतो.

दुसऱ्या दिवशी, ईस्टर सोमवारी, दुपारी बातमी आली की पोप फ्रान्सिस देवाघरी गेले. आदल्याच दिवशी त्यांनी संत पेत्राच्या महामंदिराच्या सज्जातून जगाला आशीर्वाद दिला होता. तो आठवडा त्याच शोकात आणि प्रार्थनेत गेला. शनिवारी, २६ एप्रिलला, त्यांचा अंत्यविधी आम्ही दूरदर्शन संचासमोर बसून पाहिला. अंड्यांचा सर्वांनाच विसर पडला. थोरला मात्र त्या आठवड्यात दोन-तीनदा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन गेला. “काय रे?” म्हटले की “काही नाही” म्हणे.

२७ तारीख हा दैवी दयेचा रविवार. त्या दिवशी थोमाचे शुभवर्तमान वाचले जाते. ईस्टरच्या संध्याकाळी तो इतरांबरोबर नव्हता, त्याला आठ दिवस वाट पाहावी लागली. मिस्सेला निघताना मी खुंटीवरची कापडी पिशवी काढली. तिच्यात माझे प्रार्थनापुस्तक आणि जपमाळ असते, आणि ती रविवारीच खाली उतरते. जागरणाच्या रात्री परतल्यावर मी ती टांगली होती, त्यानंतर तिला हात लागला नव्हता. आत काही हलके, गोल लागले. आधी डोळा, मग हात, ही आज्ञा मीच घालून दिली होती. मी पिशवी उजेडात नेऊन उघडली.

पांढऱ्या हातरुमालात गुंडाळलेले कांद्याच्या रंगाचे अंडे होते. त्यावर सुबक अक्षरात लिहिले होते, ‘आत्या’. खाली एक लहानसे फूल काढलेले होते.

दारात जीप आली होती. थोरला पुढे चालकाशेजारी बसला होता. मी बसताना त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले.

“सापडलं का?” तो म्हणाला.

“सापडलं,” मी म्हटले.